चावी तिसऱ्याच्या हाती

घरभेटीला गेले की मी पाणी मागते आणि ते येईपर्यंत घर नजरेखालून घालते. कुंभकोणमच्या आसपास, कावेरीच्या कालव्यांवरच्या भातशेतीच्या गावांत फवारणीच्या औषधाची उरलेली बाटली कुठे असेल हे आता सवयीनं कळतं: वाशाला टांगलेल्या पिशवीत, नाहीतर पोत्यांमागे. “अम्मा, ही इथेच असते का?” ती कुलपात जावी, चावी तिसऱ्याच्या हाती राहावी, एवढं कबूल करून घेतल्याशिवाय मी उठत नाही.

जीव द्यायची ऊर्मी बहुतेकदा थोड्या वेळाची असते. तेवढ्यात विष हाताशी नसलं तर माणूस वाचतो, आणि वाचलेले बहुतेक पुढे जगतात. कोळ्ळिडम नदी ओलांडून काट्टुमन्नारकोइलकडे गेलं की याचा दाखला मिळतो. डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी १९८६ मध्ये चेन्नईत सुरू केलेल्या ‘स्नेहा’ या संस्थेनं तिथल्या दोन गावांत गावकऱ्यांच्या मदतीनं औषधांचं सामाईक कोठार बांधलं, प्रत्येक शेतकऱ्याला कुलपाचा कप्पा दिला. प्रयोग लहान होता, पण कीटकनाशक पिण्याच्या घटना घटल्या. मला त्यात कुलपाइतकीच वाटही मोलाची वाटते. औषधासाठी घराबाहेर पडावं लागे, वाटेत माणसं भेटत.

या कामात नव्यानं आलेल्या मुली थेट विचारायला कचरतात. विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरेल, अशी भीती. तसं होत नाही. “जीव द्यावासा वाटतो का?” असं सरळ विचारावं आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसावं. हे गप्प बसणं शिकायलाच सगळ्यात वेळ लागतो.

जीव द्यायच्या प्रयत्नानंतर इस्पितळातून घरी आल्यावरचे आठवडे सर्वांत नाजूक. चेन्नईसह पाच देशांतल्या पाच ठिकाणी जागतिक आरोग्य संघटनेनं एक साधी गोष्ट करून पाहिली: तासाभराचं बोलणं आणि पुढच्या १८ महिन्यांत नऊ वेळा फोन किंवा भेट. एवढ्यानं मृत्यू कमी झाले. गोळ्या डॉक्टर देतात, त्या हव्यातच. पण सावकाराचा तगादा, रेशनकार्ड, सासरची बोलणी यांच्यामागे पायपीट आम्हीच करायची. पोलिसांच्या धास्तीनं घरचे प्रकार लपवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असा प्रयत्न करणाऱ्या माणसाला शिक्षा नव्हे, उपचार देणं हे सरकारचं कर्तव्य ठरवलंय, हे मी प्रत्येक घरी समजावते. सोबत टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक भिंतीवर लिहून येते.

आणि तारखा. १६ जुलै २००४ ला इथल्या शाळेच्या आगीत ९४ मुलं गेली. त्या आईबापांचा जुलै कसा जातो, ते गावाला ठाऊक आहे. प्रत्येक दुखऱ्या घराची अशी एक तारीख असते. ती मी वहीत टिपून ठेवते आणि आदल्या आठवड्यातच जाऊन येते.