साल म्हणजे वर्ष नव्हे!

कडोली भागात आमची तीन एकर शेती. कोबी, बटाटा, थोडी मिरची. माल बेळगावच्या मार्केटात न्यायचा तर भाड्याचा टेम्पो. पहाटे चारला येतो म्हणणारा सहाला उगवायचा आणि तोवर दर उतरलेला असायचा. शेवटी आईनंच हातातल्या पाटल्या काढून दिल्या. म्हणाली, "गहाण टाक, पण आपली गाडी घे."

नवी गाडी झेपणारी नव्हती. जुन्या गाड्या बघायला लागलो. २००५ साली बाजारात आलेली टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, स्वस्तात मिळत होता. पण तो पाऊण टनाचा, आमच्या कोबीला अपुरा. मग बोलेरो पिकअपवर मन बसलं. कोल्हापुरात एम.एच. ०९ची एक स्वस्त दिसली. पण तिकडची एन.ओ.सी., इकडचा रोड टॅक्स आणि नवा नंबर असा हिशेब मांडला, तेव्हा स्वस्ताई तिथंच संपली.

पुढची गाडी गोकाक बाजूची. सौ. म्हणाली, "मीही येते, माझं माहेर तिकडंच." मी म्हणालो, "गाडीतलं तुला काय कळतंय?" तरी आली.

गाडी झकास होती. इंजिनाचा आवाज गोड, टायर बरे. मी पन्नास हजार विसार द्यायला खिशात हात घातला. तेवढ्यात बाजूला उभा असलेला त्यांचा ड्रायव्हर कुणाला तरी हळूच म्हणाला, "गाडी म्याल इन्नू साल ऐती." माझं कन्नड बाजारापुरतं. मला वाटलं, गाडीला अजून बरीच सालं आहेत, म्हणजे दणकट आहे! मी खूश.

सौ.नं माझा हात धरला. "अहो, वर्षं नव्हेत. साल म्हणजे कर्ज! गाडीवर अजून कर्ज आहे."

मग तिनंच पुढं होऊन कन्नडात आर.सी. मागितली. मालक आधी टाळाटाळ करू लागला. शेवटी कार्ड बाहेर आलं. त्यावर फायनान्स कंपनीचं नाव होतं. हप्ते थकलेले. पैसे देऊन गाडी घरी आणली असती आणि उद्या वसुलीवाले येऊन घेऊन गेले असते, तर आईच्या पाटल्या कुठल्या तोंडानं सोडवल्या असत्या?

महिन्याभरानं बेळगावातच के.ए. २२ची आठ वर्षं जुनी पिकअप घेतली. दाराला पोचा आहे; पण कर्ज फिटल्याचा दाखला, फायनान्सवाल्यांच्या सहीचा फॉर्म ३५, विमा, फिटनेस, सगळं आधी सौ.नं वाचलं, मगच मी पैसे मोजले.

तेव्हा मंडळी, जुनी गाडी घ्यायला जाताना मेकॅनिक न्याच. पण घरात कन्नड जाणणारी सून असेल तर तिलाही न्या. आमच्या पाटल्या अजून बँकेत आहेत. यंदा कोबीला दर मिळाला तर दिवाळीला आईच्या हातात दिसतील.