आमचा कॅमेरा आणि आजीचा दिवा

गेल्या दिवाळीच्या सुटींत आम्ही आजोळीं गेलों, तेव्हां मामांनीं आपला जुना कॅमेरा आम्हांस बक्षीस दिला. २००९ सालीं निघालेला कॅननचा 'पॉवरशॉट जी-११' तो हाच. "याचें चित्र १ कोटी बिंदूंचें," असें मामा म्हणतांच आमचें तोंड उतरलें. कारण २००८ सालचा त्याचा वडील भाऊ जी-१० हा १ कोटी ४७ लक्ष बिंदूंचा, हें आम्ही ऐकून होतों. नवें यंत्र जुन्याहून उणें कसें, हें कोडें कांहीं उलगडेना.

आजोळचा वाडा विकला गेला होता व पुढील महिन्यांत तो पाडावयाचा होता. ओसरीवरील कोनाड्यांत आजी रोज सायंकाळीं दिवा लावी. तेवढें दृश्य टिपून ठेवावें, असें आम्हीं ठरविलें. पहिल्या दिवशीं सर्व कारभार यंत्रावर सोपविला. फ्लॅश लखकन् चमकला. आजीचा चेहरा चुन्यासारखा पांढरा, आणि दिव्याचा उजेड कोठेंच नाहीं! दुसऱ्या दिवशीं फ्लॅश बंद करून आय. एस. ओ. ची चकती ३२०० वर नेली. चित्र उजळलें, पण सारें दाणेदार. आजी हंसून म्हणाली, "अरे, मला देवी कधीं आल्या होत्या?"

रात्रीं मामांनीं समजाविलें, "आंतला सेन्सर करंगळीच्या नखाएवढा. तेवढ्याच जागेंत घरें कमी केलीं, म्हणून प्रत्येक घर मोठें झालें व त्यांत प्रकाश अधिक सांठतो. आय. एस. ओ. चढविल्यानें मात्र उजेड वाढत नाहीं. रेडिओचा आवाज चढविला कीं खरखरही चढते, तसेंच हें."

तिसरी संध्याकाळ शेवटची. सकाळीं परतावयाचें होतें. आम्हीं कॅमेरा उंच डब्यावर टेकविला, आय. एस. ओ. ८० ठेविला, भिंगाचें छिद्र पूर्ण, म्हणजे एफ २.८ पर्यंत, उघडलें व प्रकाश आंत घेण्याचा काळ एक सेकंद केला. दिव्याचा पिवळेपणा पुसला जाऊं नये म्हणून रंगांचा तोल सूर्यप्रकाशाचा ठेविला. बोटाचा धक्का लागूं नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर लाविला.

"आजी, आतां हलूं नकोस हं."

"लग्न होऊन आल्यापासून या कोनाड्यापुढें उभी राहतें, एक सेकंद काय जड?"

चित्रांत ज्योत किंचित् हललेली आहे. पण आजीच्या गालावरील सोनेरी उजेड आणि कोनाड्यावरची काजळी जशीच्या तशी उठली आहे.

हा कॅमेरा खिशास जड आहे व अंधारांत नेम धरण्यास वेळ लावतो, हे त्याचे दोष आम्ही लपवीत नाहीं. परंतु आय. एस. ओ. ची व उजेड कमीअधिक करण्याची चकती वरच, हाताशीं आहे, हा त्याचा मोठा गुण. वाचकहो, कॅमेरा घेतांना बिंदूंची संख्या विचाराच. पण सेन्सर केवढा, भिंग किती उघडतें, आणि यंत्राचें मत बाजूस सारून आपलें चालवितां येतें कीं नाहीं, हेंही विचारा.

वाडा आतां पडला. आजी नव्या घरीं तें चित्र भिंतीवर लावून आहे, आणि दिवा त्याच्याच खालीं लाविते.