चाकोरीतला वरंबा आणि उचललेली गाडी

लहान जीपला ‘लिफ्ट’ करणे म्हणजे स्प्रिंग बदलून, किंवा स्प्रिंगच्या वर-खाली काहीतरी बसवून, गाडीची चॅसी ॲक्सलपासून वर नेणे. या व्याख्येतला ‘ॲक्सलपासून’ हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि गॅरेजमध्ये बोलणी होताना नेमका तोच निसटतो. मारुती जिप्सी, जुनी महिंद्रा जीप, आजची जिम्नी या गाड्यांचा ॲक्सल म्हणजे एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत गेलेली सलग पोलादी नळी. त्या नळीला डिफरन्शियलचा जो गोल फुगीर भाग असतो, ज्याला मेकॅनिक नुसते ‘हाउसिंग’ म्हणतात, तीच गाडीची जमिनीला सर्वांत जवळची जागा. चॅसी ५० मिलिमीटर वर गेली तरी हाउसिंग होते तिथेच राहते, कारण ते चाकाच्या मध्याला बांधलेले असते. ते वर न्यायचे तर चाकच मोठे करावे लागते. लिफ्टवर खर्च करून पहिल्याच पावसात हाउसिंग घासून परतणाऱ्या गाडीमागे बहुधा एवढेच कारण असते.

जालना जिल्ह्यातल्या वाटांवर याचा अनुभव चटकन येतो. जिल्ह्याचे ढोबळ दोन भाग पडतात. उत्तरेला भोकरदन-जाफराबादकडे अजिंठ्याच्या डोंगररांगांची उतरण आहे. तिथे मुरूम, उघडे दगड आणि ओढ्यांचे तुटलेले काठ भेटतात. दक्षिणेला अंबड, घनसावंगी, परतूर हे तालुके गोदावरीकडे उतरतात आणि जमीन काळी, खोल होत जाते. बेसॉल्ट खडक झिजून झालेली ही चिकण माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते. पावसात रस्ता बुळबुळीत होतो आणि उन्हाळ्यात त्याच रस्त्याच्या कडा दगडासारख्या होतात.

या भागातली पाणंद पाहायची तर उसाचा हंगाम उलटल्यावर पाहावी. ट्रॅक्टरचे मागचे चाक सव्वा मीटरहून थोडे अधिक उंच असते, त्यामुळे भरलेली ट्रॉली ओढताना ते वीतभर खोल रुतले तरी ट्रॅक्टर चालत राहतो. मागे दोन समांतर खोल चाकोऱ्या आणि त्यांच्या मधोमध एक वरंबा उरतो. ट्रॅक्टरच्या दोन चाकांतले अंतर लहान जीपच्या अंतराच्या जवळपास असते, म्हणून जीप त्याच चाकोऱ्यांत उतरते. वीत म्हणजे सव्वादोनशे मिलिमीटरच्या आतबाहेर, आणि जिम्नीचा कंपनीने दिलेला ग्राउंड क्लिअरन्स आहे २१० मिलिमीटर. उतरून मधल्या वरंब्याकडे पाहिले तर मातीवर एक गुळगुळीत, चकाकती पन्हाळ दिसते, करणीने गिलावा ओढावा तशी. ती हाउसिंगने काढलेली असते. जूनमध्ये वरंबा मऊ असतो, घासून निघतो. मार्चमध्ये तोच वरंबा हाउसिंगच्या खालच्या ड्रेन प्लगवर आदळतो.

म्हणून पहिला हिशेब टायरचा. जिम्नीचे मूळ टायर १९५/८० आर १५ मापाचे, म्हणजे व्यास सुमारे ६९३ मिलिमीटर. २१५/७५ आर १५ घातले तर व्यास ७०३ होतो आणि हाउसिंग जेमतेम ५ मिलिमीटर वर जाते. एवढ्यासाठी कोणी टायर बदलू नयेत. २३५/७५ आर १५ चा व्यास ७३३ च्या आसपास, म्हणजे हाउसिंग २० मिलिमीटर वर. जिप्सीचे २०५/७० आर १५ हे माप मुळातच बुटके, ६६८ मिलिमीटरचे. तिथे २१५/७५ घातले तरी १८ मिलिमीटरचा फायदा मिळतो. वीस मिलिमीटर ऐकायला क्षुल्लक वाटतात, पण वीतभर वरंब्यावर घासणे आणि निसटणे यांत फरक तेवढाच असतो. त्याची किंमतही आहे. २३५ मापाच्या टायरवर स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी साडेत्रेसष्टच्या वेगात असते, गिअर तेवढेच ‘लांब’ होतात, आणि आधीच लहान असलेल्या इंजिनाला चढावर एक गिअर खाली यावे लागते.

मग लिफ्ट हवी कशाला? काळ्या मातीपुरते याचे खरे उत्तर पोटाखाली नसून मडगार्डमध्ये आहे. पावसाळ्यात मोटारसायकलचे पुढचे मडगार्ड काढून ठेवणारे, किंवा गाडी डांबरी रस्त्यालाच लावून पायी शेतात जाणारे लोक मराठवाड्यात गावोगाव आहेत. माती टायरला थरावर थर चढते आणि मडगार्डमध्ये गच्च बसून चाक फिरूच देत नाही. जीपचेही तेच होते, फक्त थोडे उशिरा. मोठे टायर घातल्याने ही फट आणखी कमी होते आणि स्टिअरिंग पूर्ण वळवले की टायर आतल्या कडेला घासतो. चॅसी ४०-५० मिलिमीटर वर नेली की मोठ्या टायरलाही जागा मिळते आणि मातीलाही. टायर हाउसिंग उचलतो, लिफ्ट टायरला जागा करून देते. लिफ्टची निवड या क्रमाने केली म्हणजे पुढचे बरेचसे प्रश्न आपोआप सुटतात.

उत्तरेकडच्या तालुक्यांत लिफ्टचा दुसरा उपयोग आहे. ओढ्याच्या काठावरून उतरताना पुढचा बंपर, आणि बांध ओलांडताना मधले पोट टेकते. पाच दरवाजांच्या जिम्नीचा ॲप्रोच अँगल ३६ अंश आहे, पण मधला ब्रेकओव्हर फक्त २४ अंश. तिच्या दोन ॲक्सलांमधले अंतर २,५९० मिलिमीटर, जिप्सीचे २,३७५. अंतर वाढले की पोट लवकर टेकते. ५० मिलिमीटर लिफ्टने हा मधला कोन ढोबळमानाने तीन-चार अंशांनी सुधारतो. बांधावर लटकणारी गाडी आणि पार होणारी गाडी यांतला फरक अनेकदा एवढाच असतो.

गाडी उचलण्याची पद्धत तिच्या बांधणीवर ठरते. जिप्सी १९८५ मध्ये आली तेव्हापासून शेवटपर्यंत चारही चाकांना पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग, घेऊनच विकली गेली. पाट्यांच्या गाडीला उचलण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे लांब शॅकल, पाट्याचे टोक चॅसीला जोडणारी पट्टी. त्यात एक फसवा हिशेब असतो. पाट्याचे एकच टोक शॅकलला असते, म्हणून शॅकल ५० मिलिमीटर लांब केली तर गाडी २५ मिलिमीटरच वर जाते. शिवाय ॲक्सल थोडा फिरतो आणि स्टिअरिंग सरळ परतण्याची सवय सोडते. पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये ठोकळा घालणे मागच्या ॲक्सलवर एकवेळ चालून जाईल. पुढच्या ॲक्सलवर तो कधीही घालू नये, कारण ब्रेक दाबताना ॲक्सल त्या ठोकळ्यावर पिळला जातो. ॲक्सलच्या खाली बसवलेले पाटे वर आणण्याचा प्रकार जिप्सीवाल्यांत लोकप्रिय आहे. त्याने गाडी एकदम १२० मिलिमीटरहून अधिक उंच होते. फोटोत छान दिसते. पाणंदीला एवढ्या उंचीची गरज नाही.

जिप्सीच्या बाबतीत मुळात आधी पाटे तपासावेत. वीस वर्षे खत, बियाणे आणि माणसे वाहिलेल्या पाट्यांची कमान सपाट झालेली असते. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही बाजूंना टेपने मोजले तर डावी-उजवीकडे वीस-पंचवीस मिलिमीटरचा फरक सहज सापडतो. अशा गाडीला योग्य कमानीचे नवे पाटे, नवे बुश आणि नवे शॉकअप बसवले की मूळ उंची परत येते, आणि पुष्कळ मालकांना हवी असलेली ‘लिफ्ट’ तेवढीच असते.

इथे जालन्यापुरती एक सूचना. हे शहर सळईचे आहे. रोलिंग मिलमुळे लोखंडाचा तुकडा, कापणारा आणि वेल्डिंग करणारा इथे हाकेच्या अंतरावर मिळतो, म्हणून शॅकलच्या पट्ट्या, ठोकळे, प्रसंगी पाटा ॲक्सलला आवळून धरणारे यू-बोल्टसुद्धा स्थानिक पातळीवर घडवण्याचा मोह होतो. घर बांधण्याची सळई पाट्याच्या कामाची नसते. पाट्याला कार्बन-सिलिकॉनचे प्रमाण सांभाळून कडक केलेले स्प्रिंग स्टील लागते आणि यू-बोल्टला उच्च ताणाचे पोलाद. शिवाय पाट्यावर वेल्डिंगचा एक टाका पडला तरी त्या जागेचे कडकपण जाते, आणि पाटा पुढेमागे तिथेच तुटतो.

जून २०२३ मध्ये भारतात विक्रीला आलेल्या जिम्नीला पाटे नाहीत, कॉइल आहेत, पण ॲक्सल सलगच. तिथे लिफ्टचे दोन मार्ग: मूळ कॉइलवर जाड स्पेसर, किंवा पूर्ण लांब कॉइल. स्पेसर स्वस्त, आणि गाडीची मूळ चाल बदलत नाही. पण कॉइल तीच राहिल्याने ओझ्याखाली बसण्याची खोडही तीच राहते. ॲक्सल आडवा धरून ठेवणारा एक तिरका दांडा असतो, त्याला पॅनहार्ड रॉड म्हणतात. गाडी वर गेली की तो दांडा ॲक्सलला एका बाजूला ओढतो आणि गाडी किंचित तिरकी धावते. स्टिअरिंगला सरळ परत आणणारा पुढच्या ॲक्सलचा कास्टर कोनही कमी होतो. पाणंदीत यातले काही जाणवत नाही. समृद्धी महामार्गावर जाणवते. लहान गाड्यांना तिथे १२० किलोमीटरची मुभा आहे, आणि जालन्याचा शेतकरी सकाळी पाणंदीत आणि दुपारी त्या काँक्रीटवर असू शकतो. कमी कास्टरची उचललेली गाडी शंभरच्या पुढे स्टिअरिंगमध्ये भिरभिरते. म्हणून ४० मिलिमीटरच्या वर जायचे असेल तर कास्टर दुरुस्त करणारे बुश आणि लांबी जुळवता येणारा पॅनहार्ड रॉड हे खर्चात धरूनच आकडा ठरवावा.

२०२० ची थार वेगळ्या जातीची. तिला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, डिफरन्शियल चॅसीला बांधलेले आहे, त्यामुळे लिफ्ट केली की पुढचे हाउसिंग खरोखर वर जाते. पण चाकाकडे जाणारे शाफ्ट तिरके होतात, त्यांवरचे रबरी बूट ताणून फाटतात, आणि फाटलेल्या बुटात काळी माती शिरली की जॉइंट फार दिवस टिकत नाही. २२६ मिलिमीटर क्लिअरन्स मुळातच असलेल्या या गाडीला जिल्ह्यातल्या वाटांसाठी लिफ्ट क्वचितच लागते.

किती उचलावे याला वरून एक लगाम आहे: गाडी उलटणे. दोन चाकांमधले अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट, हा उलटण्याविरुद्धचा साधा निर्देशांक. जिम्नीच्या चाकांमधले अंतर १,४०० मिलिमीटरच्या आसपास आहे. गुरुत्वमध्य समजा ६५० मिलिमीटरवर धरला तर निर्देशांक १.०८ येतो. गाडी ५० ने उचलली की तो १.०० वर उतरतो. वर टपावर कॅरिअर, त्यावर मोसंबीचे क्रेट ठेवले की आणखी खाली. बांधावरून तिरके उतरताना किंवा कालव्याच्या भरावावर हा फरक कागदावर राहत नाही. अरुंद गाडीला ५० मिलिमीटर ही समजूतदारपणाची मर्यादा आहे.

स्प्रिंगचा कडकपणा निवडताना ओझे प्रामाणिकपणे सांगावे. युरियाची एक गोणी ४५ किलोची. दोन गोण्या, फवारणीचा पंप, डिझेलचा कॅन आणि मागे दोन माणसे म्हणजे पावणेतीनशे किलो. हे रोजचे असेल तर कडक स्प्रिंग योग्य. महिन्यातून एकदाचे असेल तर कडक स्प्रिंगवर रिकामी गाडी उड्या मारते, आणि खड्ड्यात चाक खाली न उतरता हवेत लटकते. लटकलेले चाक फिरते, ओढत नाही. लिफ्टची उंची साधण्यासाठी जास्तीचा पाटा घालण्याची पद्धत याच कारणाने वाईट.

स्प्रिंगबरोबर इतर भाग बदलावेच लागतात. शॉकअप जुनेच ठेवले तर ते पूर्ण ताणले जाऊन त्यांच्याच बुडख्याला तोडतात. गाडी जॅकवर घेऊन चाके पूर्ण लटकू द्यावीत आणि ब्रेकचे होज, हँडब्रेकची केबल, ब्रीदरची नळी ताणलेली नाही ना हे हाताने पाहावे. बंपस्टॉप लांबवावेत, नाहीतर मोठा टायर दणक्यासरशी मडगार्डला भिडतो. प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढला की विशिष्ट वेगाला घरघर येते आणि क्रॉस लवकर झिजतात. जिप्सी-जिम्नीचे शाफ्ट आखूड असल्याने त्यांच्यात हे आधी दिसते.

कायद्याची बाजू लहान आहे, पण टाळता येणारी नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आणले. त्यानुसार मालकाला प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. एमएच २१ ची पाटी लावून रस्त्यावर येणाऱ्या गाडीचा मालक काम सुरू करण्याआधी आरटीओ कार्यालयात आणि विमा कंपनीत विचारून आला तर अपघातानंतरचा वाद वाचतो. झिजलेले पाटे मूळ मापावर आणणे ही दुरुस्ती आहे, बदल नव्हे. जिप्सीवाल्यांना ही मोठी सोय.

या सगळ्यानंतरही काही दिवस असे असतात की कोणतीही लिफ्ट कामाची नसते. खोल काळ्या जमिनीत सलग पावसात चाकाला तळच लागत नाही. शेतकरी नांगर घालायला वाफसा येण्याची वाट पाहतो, आणि जीपलाही तोच नियम लागू पडतो. वाफशावर चाकोरीत न उतरता एक चाक वरंब्यावर आणि एक कडेला ठेवून चालवले तर मूळ उंचीची गाडीही बहुतेक पाणंदी पार करते.

काम झाल्यावर गाडी सपाट जागी उभी करून चारही मडगार्डांची उंची पुन्हा मोजून लिहून ठेवावी आणि अलाइनमेंट करून घ्यावी. हेडलाइट खाली वळवावेत, कारण पुढून वर गेलेली गाडी समोरच्याच्या डोळ्यांत झोत टाकते. यू-बोल्ट पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरांत सैल पडतात, म्हणून तेवढे अंतर झाल्यावर, आणि पहिल्या चिखलातून बाहेर पडून गाडी धुतल्यावर, त्यांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा आवळावेत.