चार इंचांचे वर्तुळ

सांगलीच्या गावभागातील त्या जुन्या घराच्या पडवीत एक मॉरिस मायनर मोटार कित्येक वर्षे उभी आहे. १९५४ सालची, मधोमध दुभागलेल्या पुढच्या काचेची. हळदीच्या अडत व्यापारात जम बसल्यावर अण्णांच्या वडिलांनी ती १९६१ मध्ये मिरजेच्या एका डॉक्टरांकडून विकत घेतली, तेव्हा अण्णा चौदा वर्षांचे होते. पुढे अण्णा गणिताचे शिक्षक झाले. १९७१ मध्ये जयसिंगपूरहून माई सून होऊन आल्या त्या याच गाडीतून. अण्णांचा पाय मोडला त्या वर्षी माईंनी गाडी चालवायला शिकून घेतली आणि तीन महिने नवऱ्याला शाळेत पोचवले. गावात तेव्हा त्याची बरीच चर्चा झाली. माई मात्र अजूनही म्हणतात, "चर्चा करणाऱ्यांपैकी कोणी यांना शाळेत सोडणार होते काय?"

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला आणि गाडी चार दिवस पाण्यात राहिली. पाणी ओसरल्यावर इंजिन उघडून साफ करता आले, ब्रेक नवे करता आले, बैठकींचा कापूस बदलता आला. चाकांचे दुखणे मात्र उशिरा कळले. टायर उतरवले तेव्हा रिमच्या ज्या कडेवर टायर बसतो, ती कड गंजाने खाल्लेली आढळली. बोटाने दाबले की पापुद्रे सुटत. मधली तबकडी, जी नटांनी ड्रमला जोडलेली असते, ती जाड पत्र्याची असल्याने शाबूत होती. पाचही चाकांची हीच अवस्था होती.

गाडीच्या दुरुस्तीसाठी अण्णांनी निवृत्तिवेतनातून ४० हजार रुपये बाजूला ठेवले होते. त्यापेक्षा एक रुपयाही अधिक खर्चायचा नाही, असे माईंना त्यांनी वचन दिले होते. त्यातील बहुतेक रक्कम इंजिन आणि ब्रेक यांवर संपली होती. चाकांसाठी उरले होते १५ हजार.

चाक म्हटले की आपल्याला त्याची उंची दिसते, टायरची रुंदी दिसते. पण एका गाडीचे चाक दुसरीला चालेल की नाही, हे प्रथम ठरते ते मधल्या नटांच्या भोकांवरून. ही भोके एका काल्पनिक वर्तुळावर समान अंतरावर असतात. त्या वर्तुळाच्या व्यासाला चाकांच्या बाजारात पीसीडी म्हणतात. भोकांची संख्या आणि हा व्यास, या दोन गोष्टी जुळल्या तरच पुढचे बोलणे. मारुती ८०० ला चार भोके, व्यास ११४.३ मिलिमीटर, आणि चाक अवघे १२ इंची. मद्रासमध्ये पूर्वी तयार होत असलेल्या स्टँडर्ड हेराल्डलाही चारच भोके, पण व्यास पावणेचार इंच. जीपला पाच भोके आणि व्यास साडेपाच इंच. प्रत्येक कारखान्याने आपापल्या सोयीने वर्तुळ आखले आणि त्याची किंमत पन्नास वर्षांनंतर भंगार बाजारात फिरणारा माणूस मोजतो.

अण्णा असे पुष्कळ फिरले. कोल्हापूर झाले, पुणे झाले, मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातही ते दोनदा जाऊन आले. इंग्लंडमध्ये मायनरची नवी पोलादी चाके अजून मिळतात, हे त्यांना कळले. परंतु चार जड चाकांचे वाहतूक भाडे आणि त्यावरची जकात धरली, तर तो आकडा उरलेल्या रकमेच्या कितीतरी पुढे जात होता. त्यांनी तो विचार सोडला.

जाण्यापूर्वी त्यांनी वर्तुळ मोजले होते. फळ्यावर आकृत्या काढण्यासाठी वापरलेली लाकडी पट्टी त्यांनी ड्रमवरच्या समोरासमोरच्या दोन बोल्टांवर धरली. चार बोल्ट असले की हे मोजमाप सोपे असते, एका बोल्टच्या डाव्या कडेपासून समोरच्या बोल्टच्या डाव्या कडेपर्यंतचे अंतर म्हणजेच व्यास. पट्टीवर दहा सेंटिमीटर आणि वर किंचित काही दिसले. ते किंचित त्यांनी गंजाच्या थराचे मानले आणि वहीत लिहिले : १०० मिलिमीटर.

१०० मिलिमीटरवर चार भोके, हे तर आजच्या बाजारातील अगदी नेहमीचे माप. स्विफ्टचे तेच, आय-टेनचेही तेच. एका भंगार विक्रेत्याकडे अण्णांना स्विफ्टची १४ इंची चार अलॉय चाके ९ हजारांत मिळाली. मायनरची चाकेही १४ इंचीच. घरी आणून लावून पाहिली तो चाके सहज बोल्टांवर सरकली. जुने बारीक नट त्या मोठ्या भोकांत बुडत होते, म्हणून एका मेकॅनिककडून रुंद टोकाचे नवे नट करून घेतले. चाके किंचित आत बसली, एवढेच. गल्लीतून एक फेरी मारली, गाडी सरळ चालली. येत्या रविवारी माईंना घेऊन अंकलीच्या पुलावरून जयसिंगपूरला, माईंच्या बहिणीकडे जायचे ठरले.

नात वालचंद महाविद्यालयात यंत्र अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होती. शनिवारी ती आजोबांच्या कौतुकात सामील व्हायला पडवीत आली आणि चाकांजवळ बसली. बराच वेळ ती काही बोलली नाही.

"आजोबा, ही चाके इतकी सैल कशी सरकतात?"

"सैल नव्हे, सहज. माप जुळले की सहजच सरकतात."

"तुमचे बोल्ट ३/८ इंचाचे, म्हणजे साडेनऊ मिलिमीटरचे. ही भोके बारा मिलिमीटरच्या बोल्टासाठी पाडलेली. अशा भोकांत माप चुकले तरी चाक सरकेल."

अण्णा थोडे दुखावले. चौतीस वर्षे त्यांनी भूमिती शिकवली होती. नातीने वाद घातला नाही. तिने एका चाकाचे चारही नट काढले, त्यांच्या निमुळत्या टोकांना मार्किंगची निळी शाई पातळ लावली, नट पुन्हा आवळले आणि सोडवले. नट नीट बसला असता, तर त्याच्या टोकावरची शाई सर्व बाजूंनी सारखी पुसली जाऊन पूर्ण कडे उमटले असते. चारही नटांवर फक्त एकेक चंद्रकोर उमटली होती, आणि ती चारही ठिकाणी बाहेरच्या बाजूला.

मग तिने व्हर्निअर लावला. १०१.६ मिलिमीटर.

अण्णांनी लाकडी पट्टी आणली. या वेळी ती उलटी केली. दुसऱ्या कडेवर इंच होते. समोरासमोरच्या बोल्टांमधले अंतर बरोबर चार इंच भरले, रेषेला रेष जुळून. इंग्रजांची गाडी इंचात आखलेली होती, आणि इंचांची कड त्यांच्या हातातच होती.

फरक १.६ मिलिमीटरचा. प्रत्येक बोल्टामागे केवळ ०.८. पण त्याचा अर्थ असा होता की, प्रत्येक नट भोकाच्या एकाच कडेवर टेकला होता आणि प्रत्येक बोल्टाला सतत एका बाजूने ओढ बसत होती. चारही बाजूंची ओढ सारखी असल्याने चाक मध्यावर राहिले होते, म्हणून गाडी सरळ चालली आणि काही जाणवले नाही. मैलांमागून मैल अशी गाडी चालली असती, तर नट हळूहळू सैल झाले असते किंवा बोल्ट थकून तुटला असता. चाक कोठे निसटले असते हे सांगता येत नाही. उद्याच्या रस्त्यावर अंकलीचा पूल होता.

अण्णा पायरीवर बसले. ज्या विद्यार्थ्यांचे उत्तर अगदी थोडक्यात चुकले, त्यांचेही गुण ते कापत आणि म्हणत, "गणितात 'जवळपास' नावाचे उत्तर नसते." त्या रात्री जेवताना त्यांनी माईंना सगळे सांगितले, मोजमाप आपणच चुकवले हेही सांगितले. माईंनी ताटातले संपवले आणि इतकेच विचारले, "अहो, आता पुढे काय करायचे?"

पुढचा मार्ग शोधताना एक विचित्र गोष्ट ध्यानात आली. फरक मोठा असता, तर ड्रमवर जुन्या भोकांच्या मधोमध चार नवी भोके पाडून वेगळ्या वर्तुळावर बोल्ट बसवता आले असते. येथे नवे भोक जुन्या भोकापासून ०.८ मिलिमीटरवर पडणार. म्हणजे दोन्ही मिळून एकच वेडेवाकडे भोक. माप इतके जवळ होते, म्हणूनच ते दुरुस्त होत नव्हते. मध्ये जोडपट्टी घालून चाक बसवावे, तर ते बाहेर सरकून बेअरिंगवर भार वाढणार आणि मागच्या मडगार्डला टायर घासणार.

नातीच्या एका प्राध्यापकांनी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील एका टर्नर मिस्त्रींकडे जायला सुचवले. मिस्त्रींनी गंजलेले जुने चाक हातात घेऊन उलटसुलट पाहिले. "सर, तुम्ही भोके शोधत हिंडला. भोके तर तुमच्याजवळच आहेत. मधली तबकडी ठणठणीत आहे. गेली आहे ती फक्त रिम."

उपाय जुनाच होता. तबकडी कापून वेगळी करायची आणि दुसऱ्या धडक्या रिममध्ये बसवायची. १४ इंची, अरुंद, पोलादी रिम आपल्याकडच्या एका गाडीला होती, ती म्हणजे प्रीमियर पद्मिनी. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली, वर्षानुवर्षे मुंबईची टॅक्सी म्हणून धावलेली. तिच्या बोल्टांचे वर्तुळ मायनरशी जुळत नाही, म्हणून अण्णांनी कुर्ल्यात तिची चाके पाहूनही सोडून दिली होती. आता त्यांना तिचे वर्तुळ नको होते, फक्त कड हवी होती. ज्यांचे नाव नातीच्या महाविद्यालयाला आहे, त्यांच्याच कारखान्याची चाके आजोबांच्या गाडीला उपयोगी पडणार, याची नातीला मोठी मौज वाटली.

पद्मिनीची चार चाके भंगारच्या भावात मिळाली. मिस्त्रींनी दोन्ही चाकांचे जोड लेथवर कापले. मायनरच्या तबकडीचा काठ हलका उतरवून तो नव्या रिममध्ये घट्ट बसता केला. तबकडी पूर्वी जितकी आत होती, तितकीच आत राहील हे मोजून पाहिले. नंतर डायल लावून चाक फिरवले. काटा हलला की थांबायचे, ठोकून सारखे करायचे, पुन्हा फिरवायचे. वेल्डिंगही एका दमात केले नाही. एक टाका येथे, दुसरा त्याच्या समोर, म्हणजे उष्णतेने चाक वाकत नाही. शेवटी जोडांवर लाल रंगाचे द्रव्य आणि वर पांढरी भुकटी लावून कोठे चीर उमटते का, हे पाहिले. एका चाकाला केसाएवढी लाल रेघ दिसली. मिस्त्रींनी तो जोड संपूर्ण कापून पुन्हा केला आणि त्याचे पैसे लावले नाहीत.

काम चालू असताना नातीने आजोबांना एक हकिकत सांगितली. मायनरचा रचनाकार अलेक इसिगोनिस याला आपल्या गाडीचा नमुना उत्पादन सुरू होण्याच्या थोडे आधी फार अरुंद वाटला. त्याने तो लांबीच्या दिशेने मधोमध कापवला, दोन्ही अर्धे भाग दूर सारून पाहिले आणि गाडी चार इंचांनी रुंद केली. बॉनेटच्या मध्यावर जी उंच सपाट पट्टी दिसते, ती त्याच रुंदीकरणाची खूण. १९४८ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात गाडी आली, ती ही पट्टी मिरवतच. अण्णांनी ती पट्टी साठ वर्षे पुसली होती. त्यांना ती शोभेची वाटत आली होती.

चारही चाकांचा खर्च, पद्मिनीच्या चाकांसह, ११ हजार झाला. अलॉय चाकांचे ९ हजार धरता वचन ५ हजारांनी मोडत होते. त्या चाकांत दोष काहीच नव्हता, ती केवळ चुकीच्या गाडीवर चढली होती. गल्लीतल्या एका स्विफ्टवाल्याने ती ४ हजारांना घेतली. अण्णांनी माईंसमोर हिशेबाची वही ठेवली, त्यात ४१ हजार हा आकडा होता. माईंनी शेवटच्या हजारापुढे पेन्सिलीने लिहिले : शिकवणीची फी.

पुढच्या रविवारी गाडी निघाली. नवी चाके बसवल्यावर पहिल्या काही मैलांनंतर नट पुन्हा आवळून पाहायचे असतात. अंकलीच्या पुलाअलीकडे, सावलीत, गाडी बाजूला घेतली गेली. अण्णा पाना घेऊन खाली उतरले आणि एक नट, मग त्याच्या समोरचा, या क्रमाने चारही चाकांचे सोळा नट त्यांनी तपासले. एकही हललेला नव्हता. ते परत बसायला आले, तेव्हा माई चालकाच्या जागेवर सरकलेल्या होत्या. अण्णा काही न बोलता दुसऱ्या बाजूने आत बसले.

ती लाकडी पट्टी आता पडवीच्या भिंतीला टांगलेली आहे. इंचांची कड वरच्या बाजूला आहे.