भवानी

किंमत तोंडातून निघेना. समोर एक जण उकिडवा बसलेला, त्याच्या हातात आमच्या घरचा पितळी तांब्या, आणि प्रश्न म्हणाल तर दोन शब्दांचा, "कसा दिला?" बत्तीस वर्षं वर्गात उभं राहून बोलण्यात गेली, पण तेरच्या बाजारात त्या सकाळी घसा कोरडा पडला. "तुम्हीच सांगा की, काय वाटतंय ते," असं काहीतरी पुटपुटलो. त्यानं तांब्या उलटा करून बूड पाहिलं, खाली ठेवला आणि धोतराची धूळ झटकत निघून गेला.

शेजारी पोतं अंथरून बोरं विकायला बसलेली आक्का हे सगळं बघत होती. सत्तरीची असावी. "मास्तर," ती म्हणाली (मी मास्तर हे तिनं कशावरून ओळखलं कोण जाणे, बहुधा बसण्यावरून), "तांब्या इकायलाव का सोयरीक जुळवायलाव?"

येळवस होऊन पंधरा-वीस दिवस झाले होते. आई जाऊन वर्ष झालं होतं आणि मागच्या पावसात जुन्या घराची मागची भिंत बसली होती. माळवदाचं घर, एक भिंत बसली की बाकीच्या तिची वाट धरतात. उतरवायचं ठरलं. लाकूडफाट्याची सोय झाली, पण आतलं सामान उरलं. एक घंगाळ, दोन घागरी, चार तांबे, कंदील, विहिरीचा पोहरा, बैलांच्या घुंगुरमाळा आणि आईचं मापटं. बैल जाऊन पंधरा वर्षं झाली होती, तरी माळा खुंटीवरच होत्या. भंगारवाला दारात येऊन किलोचा भाव सांगून गेला. घंगाळाचं ठीक आहे, पण घुंगुरमाळ काट्यावर टाकायची हे काही मनाला पटेना. म्हणून पुतण्याच्या पिकअपमध्ये सगळं भरलं आणि बाजारात आलो.

आम्ही पोहोचलो तेव्हा पुरतं उजाडलंही नव्हतं. पुतण्यानं फाळका पाडला, आणि एक घागरही खाली उतरायच्या आत मोबाइलचे दोन उजेड गाडीत शिरले. "समदं मिळून काय ते बोला." मी जवळजवळ हो म्हणणार होतो. थंडी होती, लाज होती, आणि एका आकड्यात सगळं संपत होतं. पुतण्या शहाणा, तो म्हणाला, "काका, आंधारात आलेलं गिऱ्हाईक नसतं, व्यापारी असतो." पुढं इंग्लंडातल्या भाचीला हे फोनवर सांगितलं तर ती हसायलाच लागली. तिकडं म्हणे रविवारी सकाळी मोकळ्या रानात लोक मोटारींच्या डिक्क्या उघडून घरातलं जुनं-पानं विकतात, कार बूट सेल म्हणतात त्याला. आणि तिथंही माल उतरायच्या आत बॅटऱ्या घेऊन डिक्कीत डोकावणारे असतातच.

तेरला गाडीतून विकणं नवं नाही. हे गाव म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ नावाच्या दर्यावर्दी पुस्तकात ते आलंय. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, आणि तिथलं जाडंभरडं कापड, मलमल, असा माल गाड्यांवर लादून धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदराला जायचा. गावच्या पांढरीतून त्या काळचं काय काय अजून निघतं. गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी ते गोळा करण्यात आयुष्य घातलं. त्यांच्या नावाचं संग्रहालय गावात आहे. मुलांची सहल घेऊन मी तिथं कितीदा गेलो असेन. मातीच्या बाहुल्या, मणी, शंखाच्या बांगड्या, सगळं काचेमागं. आता पोत्यावर बसल्यावर वाटलं, या बाहुलीचाही कुणीतरी कधीतरी भाव सांगितला असेल, दुसऱ्यानं तो पाडून मागितला असेल.

मला का सांगता येत नव्हता? लाज म्हणावी तर ती चोरी करणाऱ्याला. मी तर स्वतःच्या घरचं विकत होतो. मग ध्यानात आलं, आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या विकणंच चाललं होतं, पण भाव सांगणं कधी नव्हतं. वडील ज्वारी, तूर आडतीवर घेऊन जायचे. तिथं लिलावात बोली दुसऱ्यांची, आकडा दुसऱ्यांचा. पोत्यात हात घालून मूठभर दाणे काढायचे, तळहातावर फुंकर मारायची, उरलेले ढिगावर टाकून पुढं चालायचं, हे सगळं व्यापाऱ्यानं. वडील पोत्याला टेकून उभे. बैल विकायला गेलो तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. दलालानं आणि घेणाऱ्यानं उपरण्याखाली हात धरले, बोटं दाबली, सोडली. वरून फक्त कापड हलताना दिसत होतं, पिशवीत उंदीर असावा तसं. मधूनच तोंडी काही बोलणं झालं तर तेही नंदभाषेत. केवली म्हणजे एक, अवारू म्हणजे दोन, उधानू म्हणजे तीन. हे मला फार पुढं कोशात सापडलं. वडिलांना शेवटपर्यंत कळलं नसावं. बैल त्यांचा, कासरा त्यांच्या हातात, आणि किंमत कापडाखाली. मी तर नोकरदार. माझा आकडा वेतन आयोगानं ठरवला. म्हणजे माझ्या माहितीत आमच्या घराण्यात ‘याचे एवढे पडतील’ असं तोंड उघडून म्हणण्याची पाळी पहिल्यांदा माझ्यावर आली होती.

आक्काला हे सांगितलं असतं तर तिनं बोर फेकून मारलं असतं. तिची शिकवणी सुटसुटीत होती. एक तर फाळक्यावर मांडायचं नाही, खाली मांडायचं. माणूस बसला पाहिजे. उभं गिऱ्हाईक हे जाणारं गिऱ्हाईक. पितळ चिंचेनं घासून आणायचं नाही, घासलेलं बघून लोक नव्याच्या भावाशी ताडतात. (मी आदल्या रात्री दोन तास घासलं होतं.) जोडीतली एकच वस्तू पुढं ठेवायची. आणि चिल्लर. "चिल्लर आणलाव का?" नव्हती आणली.

तेवढ्यात एक बाई घागरीशी बसली. तिनं बोटाच्या पेरानं घागर वाजवली. कानाशी नेऊन पुन्हा वाजवली. हे गाव गोरोबाकाकांचं. संतांच्या मेळ्यात त्यांनी थापटणं घेऊन एकेकाचं डोकं वाजवलं आणि नामदेवांना कच्चं ठरवलं, ती गोष्ट इथल्या पोरासोरांना ठाऊक. त्या बाईचं पेर लागलं तेव्हा मलाच आपलं मडकं वाजवल्यासारखं झालं. घागरीच्या बुडाला कल्हईवाल्यानं कधीतरी डाग दिला होता. मी घाईघाईनं म्हणालो, "बुडाला डाग आहे, पण गळत नाही." बाईनं घागर ठेवली. आक्का कपाळाला हात लावून म्हणाली, "इचारल्याबिगर सांगायचं न्हाई, आन् इचारल्यावर लपवायचं न्हाई. कवा शिकणार?" या बाबतीत मला अजून तिचं म्हणणं पुरतं पटलेलं नाही. पण घागर परत घरी आली, हे खरं.

पहिली वस्तू गेली ती कंदील. घेणारा सोलापूर-धुळे हायवेवरच्या ढाब्याचा पोरगा. त्याला लावायला नको होता, टांगायला हवा होता. म्हणे आता ढाब्यावर लोकांना असलं बघायला लागतं. ज्या कंदिलाखाली मी पाढे पाठ केले त्याची काच पुसत तो म्हणाला, "कितीला?" मी जमिनीकडं बघून म्हणालो, "तीनशे." आवाज आपलाच आहे का, अशी शंका आली. तो म्हणाला, दोनशे. मी गप्प. आक्का नुसती खाकरली. ते खाकरणं मला कळलं, पहिलं गिऱ्हाईक माघारी जाऊ द्यायचं नसतं. अडीचशेला दिला. पाचशेची नोट आली, चिल्लर आक्कानं चंचीतून काढून दिली आणि नोट मला कपाळाला, मग एकेका भांड्याला लावायला लावली. "झाली भवानी," ती म्हणाली.

बोहणी म्हणा नाहीतर भवानी, पहिल्या विक्रीचे हे शब्द महाराष्ट्रभर चालतात. पण तुळजापूर ज्या जिल्ह्यात आहे तिथं हा शब्द नुसता राहत नाही. मेथीच्या पहिल्या जुडीला, पहिल्या किलो कांद्याला, माझ्या काजळी धरलेल्या कंदिलाला एकच नाव, तेही देवीचं. मागं पावती फाडणारा येऊन उभा होता. बैठकीचे पैसे द्यायला निदान आता हातात काही होतं.

मग जमत गेलं. घंगाळाला भाव सांगताना मी गिऱ्हाइकाकडं बघितलं. घुंगुरमाळा एका तरण्या शेतकऱ्यानं घेतल्या. त्याच्याकडं खिलारी जोडी होती, शर्यतीची नव्हे, कामाची. माळ हलवून बघितली, मी सांगितला तो आकडा न घासता दिला, आणि मला उगाच वाटलं की कमी सांगितला.

उन्हं कलली तसे भाजीचे भाव पडले, माझेही पडले. शेवटी राहिलं मापटं. आमच्याकडं दशमान मापं १९५८नंतर हळूहळू आली. आईच्या घरात ती कधीच पोहोचली नाहीत. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, यातच तिचा संसार मावला. शेजारणीला पीठ उसनं देताना ती शीग लावायची, परत घेताना हात फिरवून सपाट करायची.

आक्का दिवसभर पोचा आलेल्या तेलाच्या डब्यानं बोरं मोजत होती. तिनं मापटं उचललं, तळाला अंगठा फिरवला. "कसं दिलं?"

"शंभर," मी म्हणालो. चटकन.

"ऐंशी."

दिलं. चंचीतून पैसे आले. तेवढ्यात तिच्याकडं शेवटचं गिऱ्हाईक आलं, एक बाई आणि तिचं पोर. आक्कानं नव्या मापट्यात बोरं भरली आणि वरून तळहात फिरवला.

"शीग लाव की गं," बाई म्हणाली.

"माप ह्यांचं हाय," आक्का माझ्याकडं बोट करून म्हणाली, "ह्यांनाच इचार."

बाईनं खरंच माझ्याकडं बघितलं.

"लाव, आक्का," मी म्हणालो.

तिनं मोजून चार बोरं वर ठेवली.