काठावरचा चिखल

आमच्या औंधला पाहुणे आले की दोन ठिकाणं ठरलेली असतात. डोंगरावरचं यमाईचं मूळपीठ आणि त्या वाटेवरचं भवानी संग्रहालय. संस्थानाच्या काळात जमवलेली चित्रं आणि मूर्ती पाहून पाहुणे खूश होतात, आम्हालाही आपल्या गावाचा अभिमान वाटतो. पण आमच्याच खटाव तालुक्यातल्या येरळवाडीच्या तलावावर आम्ही कधी कुणाला नेलं नव्हतं. खरं सांगायचं तर आम्ही दोघांनीही तो नीट पाहिलेला नव्हता. आमच्या दुष्काळी भागात तलाव म्हणजे पाणी किती आलं आणि किती उरलं, एवढाच हिशेब. त्यात आणखी काही पाहण्यासारखं असेल, हे आमच्या मनातच कधी आलं नव्हतं.

गेल्या नोव्हेंबरात धाकटीनं शाळेतून एक चिठ्ठी आणली. सातवीच्या मुलांना येरळवाडीला पक्षी पाहायला न्यायचं होतं. पालकांची सही हवी होती. महाराष्ट्रात 2020 पासून 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. 5 तारखेला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, 12 तारखेला डॉ. सालीम अलींचा. त्या निमित्तानं ही सहल होती.

चिठ्ठी दोन दिवस फ्रिजवर तशीच राहिली. आमच्या मनात नाना शंका होत्या. मुलगी बारा वर्षांची. पाण्याचा काठ. दिवसभर ऊन. आणि पाखरं पाहून काय मिळणार, त्यापेक्षा गणिताची उजळणी झाली तर बरं, असंही आम्ही म्हणालो. शेवटी दादीच बोलल्या, "पोरगी शिकायलाच चालली आहे ना? मग वर्गात शिकली काय आणि तळ्यावर शिकली काय. सही करा आणि डबा जरा जास्तीचा द्या." दादींच्या पुढे आमचं काही चाललं नाही.

बाईंनी सूचना दिल्या होत्या. भडक रंगाचे कपडे नकोत, मातकट किंवा हिरवट असावेत. खाऊची प्लास्टिकची पाकिटं आणायची नाहीत. वही, पेन्सिल आणि झाकणाची एक काचेची बरणी आणायची. बरणी कशाला, ते आम्हाला कळलं नाही. लोणच्याची रिकामी बरणी धुऊन दिली.

संध्याकाळी पोरगी घरी आली ती गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली आणि फुरंगटलेली. रोहित पक्षी दिसले नव्हते. पट्टेरी राजहंस दिसले नव्हते. हे राजहंस मंगोलिया, तिबेटकडून हिमालय ओलांडून हिवाळ्यात आपल्याकडे येतात, एवढं तिनं पुस्तकात वाचलं होतं आणि मोठ्या आशेनं गेली होती. दिसलं काय, तर वारकरी आणि हळदीकुंकू. दादी म्हणाल्या, "म्हणजे?" तेव्हा तिनं सांगितलं की वारकरी हा काळा पाणपक्षी आहे, कपाळावर पांढरा टिळा असलेला; आणि हळदीकुंकू हे बदक, त्याच्या चोचीवर पिवळा आणि लाल रंग असतो. आपल्या मराठी माणसानं पाखरांना किती घरगुती नावं ठेवली आहेत, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

पाखरं कमी का होती, याचं उत्तर बाईंनी तिथंच दिलं होतं. पाऊस चांगला झाला होता, तलाव काठोकाठ भरला होता. सगळी मुलं म्हणाली, "किती सुंदर!" बाई म्हणाल्या, "आपल्याला सुंदर, पण पाखरांचं ताट अजून वाढलेलं नाही. पाणी खाली उतरू दे, काठाचा चिखल उघडा पडू दे, मग या." मग त्यांनी मुलांना काठावरचा ओंजळभर चिखल बरणीत घालायला लावला, वर पाणी ओतून हलवायला लावलं. बरणी आमच्या ओट्यावर तीन दिवस होती. आधी वाळू खाली बसली, तिच्यावर गाळ, सगळ्यात वर बारीक चिकणमाती. दुसऱ्या दिवशी त्यात एक लालसर अळी वळवळताना दिसली. आम्ही बरणी फेकायला निघालो, तर पोरगी आडवी आली. "अम्मी, हेच तर त्यांचं जेवण आहे."

त्या रात्री तिनं आमच्या स्वयंपाकघरात शाळा भरवली. परातीत पाणी, त्यात थोडे तांदूळ, थोडे शेंगदाणे, थोडी मोहरी. दादींच्या हातात सांडशी, थोरल्याच्या हातात भुवया कोरायचा चिमटा, आमच्या हातात चहाची गाळणी. ज्यानं त्यानं आपापल्या अवजारानं जेवढं उचलता येईल तेवढं उचलायचं. सांडशीला शेंगदाणे मिळाले, चिमट्याला तांदूळ, गाळणीला मोहरी. "दादी बगळा, भाईजान तुतवार आणि अब्बा रोहित," तिनं जाहीर केलं. रोहित पक्षी चोच उलटी करून पाणी गाळतो, तुतवार चिखलात चोच खुपसतो, बगळा मासा धरतो. एकाच तळ्यावर प्रत्येकाचा घास वेगळा, म्हणून भांडण नाही. मग तिनं परातीत आणखी तांब्याभर पाणी ओतलं, अवजारं बुडवायला मनाई केली आणि म्हणाली, "आता उचला." कुणालाच तळाशी पोचता येईना. काठ उथळ का हवा, ते आम्हाला त्या परातीत समजलं.

गोष्ट इथं संपली असती तर आम्ही लिहायला बसलो नसतो. डिसेंबरात मुलांचे मामू आले. त्यांचं गाव इथून फार लांब नाही. गावात एक जुना पाझर तलाव आहे, 1972 च्या दुष्काळातल्या कामांत झालेला. मुलांच्या नानींनी तेव्हा त्यावर माती वाहिली होती. तो आता गाळानं निम्मा भरला आहे. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना 2017 साली आली, तेव्हापासून आसपासच्या गावांत उन्हाळ्यात जेसीबी लागतात. मामूंचा ट्रॅक्टर आहे. जेवताना ते आनंदानं सांगत होते, की या उन्हाळ्यात तलाव चारी बाजूंनी काठापासून उभा कापून काढायचा. पाणी जास्त बसेल, गाळ शेतात जाईल.

धाकटी पटकन बोलली, "मामू, असं केलंत तर एकही पाखरू येणार नाही."

मामूंचा घास हातातच राहिला. "आपा, ही शाळेत काय शिकते? पाखरं आधी की माणसं? गेल्या उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत कोण उभं होतं?" त्यांचं चुकत होतं, असं आम्ही म्हणू शकत नाही. गाळ टाकलेल्या रानात ओल टिकते, खत कमी लागतं, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. आम्ही मुलीलाच दटावलं, मोठ्यांमध्ये बोलू नये म्हणून. ती ताटावरून उठून गेली. मामूही रात्री न थांबता निघून गेले. पुढचे कितीतरी दिवस त्यांचा फोन आला नाही. बहीण-भावात असा अबोला आमच्या घरात पहिल्यांदाच झाला होता.

त्या दिवसांत आम्ही सालीम अलींविषयी वाचलं. लहानपणीच पोरके झालेले, मामू अमीरुद्दीन तय्यबजींनी वाढवलेले. छऱ्याच्या बंदुकीनं त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. असलं पाखरू खायला चालतं का, अशी शंका आली म्हणून पोरगा ते घेऊन मामूंकडे गेला. मामूंनी त्याला हाकललं नाही. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे मिलर्ड साहेब होते, त्यांच्याकडे धाडलं. मिलर्डनी पेंढा भरून ठेवलेल्या पाखरांचे खण एकेक उघडून दाखवले. पुढं तो मुलगा भारताचा सर्वांत मोठा पक्षीतज्ज्ञ झाला. हे वाचून आम्हाला वाईट वाटलं. आमच्या मुलीनं प्रश्न आणला, तेव्हा आम्ही खण उघडला नव्हता, दटावलं होतं.

फेब्रुवारीत आम्हीच मामूंना फोन केला. "एक दिवस आमच्याबरोबर येरळवाडीला या. भांडायचं असेल तर तिथं भांडू." नानींनाही गाडीत घेतलं. डबा बांधला. भल्या पहाटे फजरची नमाज आटोपून निघालो.

तलाव आता नोव्हेंबरसारखा देखणा नव्हता. पाणी आत सरकलं होतं, काठावर काळा चिखल आणि वाळलेलं शेवाळ. पण त्या चिखलावर नजर ठरत नव्हती. शेकाटे लाल काटकुळ्या पायांनी चालत होते. तुतवार पळत पळत चोच खुपसत होते. टिटवी ओरडत होती. आणि पलीकडच्या काठावर डोक्यावर काळे पट्टे असलेले राजहंस चरत होते. धाकटीनं मामूंच्या हातात दुर्बीण दिली, काही बोलली नाही. मामू बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "खोल पाण्यात एकही बसलेला नाही. सगळे वीतभर पाण्यातच." आम्ही गप्प राहिलो.

मायणी, येरळवाडी, कानरवाडी आणि सूर्याचीवाडी हे तलाव मिळून 2021 साली पक्ष्यांसाठी संवर्धन राखीव क्षेत्र झालं आहे, सुमारे 866 हेक्टरांचं. अभयारण्यापेक्षा हे वेगळं असतं. त्यात लोकांचे हक्क काढून घेतले जात नाहीत आणि देखरेखीच्या समितीत ग्रामपंचायतीचे प्रतिनिधी असतात. हे ऐकून मामूंचा चेहरा थोडा सैल झाला. सरकार पाखरांसाठी जमीन घेणार, ही भीती त्यांच्या मनात होती.

पण खरं काम नानींनी केलं. डबा खाताना त्या म्हणाल्या, "आम्ही तलाव खोदला तेव्हा काठ उतरता ठेवला होता. गुरं पाण्यावर उतरायची म्हणून. शेजारच्या गावात गाळ काढताना काठ उभा कापला आणि म्हैस घसरून आत गेली, ती वर निघाली नाही. उद्या लेकरू घसरलं तर?" त्यावर मामूंकडे उत्तर नव्हतं.

मे महिन्यात गाळ निघाला. मामूंनी ग्रामसभेत विषय मांडला. मधला भाग आणि बांधाकडची बाजू खोल केली. ओढा ज्या बाजूनं येतो, तिकडचा उतार आणि तिथला लव्हाळा तसाच ठेवला. लव्हाळ्यात ओढ्याबरोबर येणारा बराचसा गाळ अडतो, म्हणजे तलाव पुन्हा भरायला वेळ लागतो, हे तिथल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांना आधीच माहीत होतं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं इतकंच. मामूंच्या रानात नेहमीपेक्षा काही ट्रॉल्या कमी पडल्या. ते अजून त्याची आठवण करून देतात.

राजहंस तिथं आले का, असं सगळे विचारतात. नाही आले. पाऊस उतरल्यावर टिटव्या आल्या, काही शेकाटे आले. धाकटीनं वहीत तारीख घालून मोजणी लिहायला सुरुवात केली आहे. मामू दर आठवड्याला फोनवर तिला आकडा सांगतात. कधी तो थोडा फुगवलेला असतो, असा तिला संशय आहे.

वाहत्या नदीच्या काठी बसूनही वुजूला पाणी वाया घालवू नये, हे आपण मुलांना लहानपणापासून सांगत आलो. पाणी ही अमानत आहे, हेही सांगतो. पण अमानत म्हणजे फक्त आपल्या हंड्यातलं पाणी, असंच आम्ही समजत होतो. त्यात त्या वीतभर पाण्यात उभ्या असणाऱ्यांचाही वाटा आहे, हे आम्हाला सातवीतल्या मुलीनं आणि लोणच्याच्या बरणीनं शिकवलं.

तुमच्या घरी अशी सहलीची चिठ्ठी आली, तर ती दोन दिवस फ्रिजवर ठेवू नका. सही करा. आणि लेकरू चिखलात माखून घरी आलं, तर आधी पाय धुवायला लावा, मग त्याच्याजवळ बसून विचारा, की काय काय पाहिलं.