चाकाला धांव

आमच्या घरांत दोन बंधु गेले सात महिने एकमेकांशीं बोलत होते, पण तिसऱ्याच्या तोंडून. "दादांना सांग, विजेचें बिल भरलें." "त्याला विचार, टांकी धुवायला माणूस कधीं येणार." कारण लपविण्यासारखें नाहीं. शनिवार पेठेंतील वडिलोपार्जित घर पाडून तेथें सात मजली इमारत उभारावी असा प्रस्ताव एका बांधकाम व्यावसायिकानें आणला. मीं होकार दिला आणि दादांनीं नकार. ज्यांच्या मिळकतपत्रिकेवर एकाहून अधिक नांवें आहेत अशा वाचकांस पुढचें सांगावयास नको.

अशा घरांत यंदाच्या मे महिन्यांत एक मोटार आली. खेळण्यांतली, पण खेळणें म्हणावें तर नातवाचा अपमान होतो. ती खऱ्या मोटारीच्या एकदशांश मापाची असून हातांतल्या यंत्रांतून निघणाऱ्या बिनतारी लहरींनीं चालते, आणि चालते म्हणजे अशी कीं मांजराचीहि तिच्या वाटेला जाण्याची छाती होत नाहीं. नातू दादांचा; पण आमच्याकडे नातवांची वांटणी अद्याप झालेली नाहीं. त्यानें तिसऱ्याच दिवशीं गाडी चौकाच्या दगडी पायऱ्यांवरून खालीं उडविली, आणि उजवें मागचें चाक जागच्या जागीं उभें राहून आंतला आंस मात्र गरगर फिरूं लागला.

प्रत्येक घरांत मोडलेल्या वस्तु चिकटविणारा एक माणूस असतो. आमच्या घरीं तो मी. मीं जोडलेल्या कपांचे कान पाहुण्यांच्या हातांत आल्याचीं उदाहरणें सौभाग्यवती अगत्यानें सांगते, तरी पद माझ्याकडेच आहे.

चाक काढून पाहिलें. अशा गाडीच्या चाकाच्या मागील बाजूस मध्यभागीं एक षट्‌कोनी खोबण असते. आंसावर बसविलेला बारा मिलिमीटरचा षट्‌कोनी तुकडा तींत बसतो आणि बाहेरून नट आवळतात. मोटरचा सारा जोर त्या सहा भिंतींतून चाकांत जातो. भिंतींना तो सोसतो. कोपऱ्यांना सोसत नाहीं. कोपरा जितका तीक्ष्ण तितका ताण तेथें एकवटतो, आणि नातवासारखा उत्साही माणूस नट जरा जास्तच आवळतो. खोबणीच्या एका कोपऱ्यापासून बाहेरच्या गोल कडेपर्यंत केसाएवढी चीर गेली होती. गाडी धांवतांना ती उघडे, आणि षट्‌कोन आंतल्या आंत निसटे.

चिरेंत मीं तो झटपट चिकटणारा द्रव सोडला आणि वरून खाण्याचा सोडा भुरभुरला. सायनोअॅक्रिलेट हें त्याचें रासायनिक नांव. १९४२ सालीं अमेरिकेंत बंदुकीच्या दुर्बिणीसाठीं पारदर्शक प्लॅस्टिक शोधतांना हा पदार्थ हातीं लागला, सगळ्यालाच चिकटतो म्हणून टाकून दिला गेला, आणि १९५८ सालीं नेमक्या त्याच दुर्गुणावर बाजारांत आला. सोडा पडतांच तो क्षणांत दगडासारखा घट्ट होतो. दोष एवढाच कीं दगडासारखाच ठिसूळहि होतो. ओढ सोसतो, आदळआपट सोसत नाहीं. पाव तासांत चाक पुन्हां उभें राहिलें.

येथें माझ्या अभिमानानें घात केला. चिरेंत कांहीं तंतुमय भरावें म्हणजे मजबुती येईल, असा विचार करून मीं देवघरांतला वातींचा कापूस उचलला, तो खोबणीभोंवती गुंडाळला आणि त्यावर अर्धी नळी पिळली. कापूस आणि हा द्रव एकत्र आले कीं एकदम उष्णता निर्माण होते हें मला ठाऊक नव्हतें. कापसांतून पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर निघाला आणि माझें बोट त्यालाच चिकटून भाजूं लागलें.

"टाक तें! हात पाण्याखालीं धर, ओढूं नकोस!"

समोरच्या ओसरीवरून दादा ओरडले होते. सात महिन्यांत ते माझ्याशीं थेट बोललेलें हें पहिलें वाक्य. मीं नळाखालीं हात धरला. दादा आले, बोट उलटेंपालटें करून पाहिलें, कोमट साबणाच्या पाण्यांत तें बुडवून ठेवावयास लावलें, आणि चाक उचलून घेऊन गेले. चाकाविषयीं एक अक्षर बोलले नाहींत. भोसरीच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्यें त्यांचीं एकतीस वर्षें गेलीं; तेथें धूर काढणाऱ्या उमेदवारांशीं ते असेच वागत असावेत.

दुसऱ्या दिवशीं नातू मला बोलवावयास आला. दादांच्या टेबलावर पाण्यानें भरलेलें पातेलें होतें. त्यांनीं नातवाकडून चाकाच्या कडेचा एक छिलका काढवून पाण्यांत टाकविला. तो बुडाला. "पॉलिप्रॉपिलीन असतें तर तरंगलें असतें, आणि त्याला कुठलाच डिंक नीट धरत नाहीं," दादा नातवाला म्हणाले. मग सूनबाईंच्या कपाटांतून नखांचा रंग काढावयाचा अॅसिटोन आला. तो छिलक्यावर टाकला. छिलका चिकट झाला नाहीं, त्याला भेगा पडल्या नाहींत. एबीएस प्लॅस्टिक असतें तर विरघळूं लागलें असतें. निर्णय झाला: नायलॉन.

नायलॉनला पाण्याची ओढ आहे. तें हवेंतला ओलावा शोषून ठेवतें आणि त्या ओलाव्यामुळेंच चिवट राहतें. पुरतें वाळलें कीं ठिसूळ होतें. म्हणून चारहि चाकें मंद उकळत्या पाण्यांत ठेवावयाचीं. उपाय घरगुती आहे आणि खराहि आहे. फक्त चाक किंचित फुगतें व थोडें नरम होतें. सौभाग्यवतीनें त्यासाठीं जुनें पातेलें दिलें, नवें देण्यास साफ नकार दिला. अर्ध्या तासानें पाहतों तों रबरी टायर रिंगेपासून सुटलेले, आणि माझा सोड्याचा लेपहि निखळलेला. मला वाटलें, संपलें. दादा म्हणाले, "बरें झालें. आतां आंतून साफ हात पोंचेल."

आतां प्रश्न खोबणीचा. तिच्या भोंवतालच्या वीस मिलिमीटर जाडीच्या गोल उंचवट्याला बाहेरून कांहींतरी आवळून धरावयास हवें होतें. मी म्हणालों, पॉलिएस्टरचा दोरा घट्ट गुंडाळून त्यावर अॅरल्डाइट. दादा थोडा वेळ गप्प राहिले, आणि मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "मामांच्या गांवची धांव आठवते?"

आठवत होती. वाईजवळच्या त्या गांवीं सुतार आणि लोहार मिळून बैलगाडीचें चाक बांधीत. तुंबा, आरे आणि कडेचें लांकूड जुळवून ठेवलेलें. शेजारीं गोवऱ्यांच्या वर्तुळांत लोखंडी धांव लाल होत असे. चौघेजण चिमट्यांनीं ती उचलून चाकावर बसवीत, लांकूड पेट घेई, आणि वरून घागरी रिकाम्या होत. वाफेच्या आंतून लांकडाचे सांधे करकरत. तो आवाज ऐकावयास आम्हीं दोघे उन्हांत तासन्‌तास बसत असूं. चार फूट व्यासाची लोखंडी कडी पांचशें अंश तापविली तर व्यासांत सुमारें सात मिलिमीटर वाढते. थंड होतांना तीच वाढ सारें चाक मुठींत धरते.

पण आमची धांव वीस मिलिमीटरची. पितळेची कडी उकळत्या पाण्यांत घातली तर वाढ होणार मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाहून थोडी अधिक, आणि लाल तापवावी तर नायलॉन वितळून जाईल. दादांनीं हिशेब उलटा मांडला. नायलॉन पितळेच्या सुमारें चौपट आक्रसतें. तेव्हां कडी तापवावी आणि चाक गोठवावें. दोन्हीं मिळून मिलिमीटरचा एकदशांश मिळतो. चाकें एक दिवस वाळूं देऊन, फुगवट्यासह व्हर्नियरनें मापून, त्यांनीं ओळखीच्या लेथवाल्याकडून दोन कड्या आठ शतांश कमी मापाच्या करवून आणल्या. रात्रभर दोन चाकें फ्रीजरमध्यें मटारांच्या पिशवीशेजारीं राहिलीं. सकाळीं पितळ पाण्यांतून, चाक बर्फांतून, आणि एका दाबांत कडी बसली. करकर झाली नाहीं. नातवाची थोडी निराशा झाली. चीर मात्र मिटली ती भिंगांतूनहि दिसेना.

उरलेल्या दोन चाकांना माझा दोरा मिळाला. आधीं पॉलिशपेपरनें घासून पृष्ठभाग खरबरीत केला, कारण नायलॉनला अॅरल्डाइटहि फारसें धरत नाहीं. तेथें खरें काम दोऱ्याच्या आवळण्याचें आहे. दादा पाहत होते. एकदां म्हणाले, "फेरे एकावर एक नको, शेजारीं शेजारीं घे." मीं घेतले.

रविवारीं दादांचीं दोन चाकें मागें आणि माझीं दोन पुढें लावून गाडी पायऱ्यांवरून उडाली. अकरा वेळां. बाराव्या वेळीं दादांच्या एका चाकाचा आरा तुटला. कडी शाबूत, खोबण शाबूत. जोर तेथें हरला आणि बाहेरच्या बाजूस जेथें वाट मिळाली तेथून निघाला. दादा म्हणाले, तें अपेक्षितच होतें. माझीं चाकें अजून टिकून आहेत, पण पुढच्या चाकांवर भार कमी येतो असें दादांचें म्हणणें आहे, आणि त्यांतहि तथ्य आहे हें मला कबूल करावें लागतें.

परवां संध्याकाळीं आम्हीं आऱ्याला आंतून काय आधार देतां येईल याची चर्चा करीत बसलों होतों. टेबल खराब होऊं नये म्हणून खालीं अंथरावयास हाताशीं आलेला कागद कराराचा मसुदा निघाला. पान चार, माझ्या सहीचें. दादांनीं तो पाहिला, मीं पाहिला. कोणी काढून ठेवला नाहीं. त्यावर अॅरल्डाइटचा एक थेंब पडून वाळला आहे.